अधिवेशनाचा नवरा

नागपूरची राजधानी गेली, तिच्यासोबत जयवंताबाईंचा नवराही गेला.

रुपराव सचिवालयात चपराशी होते. साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर बसायचं, घंटी वाजली की आत जायचं, एवढंच त्यांचं राज्यकारभाराशी नातं. पण छप्पन साली नवं राज्य झालं, कचेऱ्या उठल्या, फायली पेट्यांत भरल्या गेल्या, आणि कोणी भोपाळला तर कोणी मुंबईला अशी माणसांची वाटणी झाली. रुपरावांच्या वाट्याला मुंबई आली. फायलींना जसं कोणी विचारलं नव्हतं, तसं त्यांनाही कोणी विचारलं नाही.

जयवंताबाई मागे राहिल्या. सासूला दिसेनासं झालं होतं, पुष्पलता नुकतीच पाऊल टाकायला लागली होती, आणि जरीपटका वस्तीच्या पलीकडे, नारा गावाच्या वाटेवर, घरामागे भाजीपाल्याची वाडी होती. ती कोणाच्या भरवशावर टाकायची? मुंबईत रुपराव नागपूरकडच्या सात-आठ चपराशांसोबत एका खोलीत राहत. तिथे खाटासुद्धा पाळीपाळीनं मिळत. बायको-पोरीला नेणार कुठे? "सोय झाली की नेतो," असं ते जाताना म्हणाले होते. ते काही खोटं बोलले नव्हते. सोय झाली नाही, एवढंच.

मग साठ साली महाराष्ट्र झाला, आणि दर हिवाळ्यात सरकार नागपुरात येऊन अधिवेशन भरवू लागलं. या व्यवस्थेत विदर्भाला काय मिळालं आणि काय मिळालं नाही, यावर मोठमोठ्या लोकांनी पुष्कळ भांडून घेतलं आहे. जयवंताबाईंना तिचा एकच अर्थ कळला. हिवाळ्यात नवरा येणार.

मंत्री येत, आमदार येत, त्यांच्या मागोमाग फायलींच्या लोखंडी पेट्या येत आणि पेट्यांसोबत रुपराव येत. दिवसभर विधानभवनात हजेरी, संध्याकाळी भाड्याच्या सायकलवर घरी. अधिवेशन संपलं की पेट्या परत गाडीत चढत आणि रुपरावही चढत. जरीपटक्याच्या बाजारात जयवंताबाई भाजी घेऊन बसत, तिथल्या बायांनी रुपरावांचं नावच ठेवलं होतं: अधिवेशनाचा नवरा. "काहो बाई, औंदा शेसन लंबं हाये म्हनतात," असं कोणी खोचकपणे म्हटलं की जयवंताबाई वांगी जोखता जोखता हसून घेत. त्यात लाजण्यासारखं काही त्यांना वाटत नसे. बाकीच्यांचे नवरे बारा महिने घरी होते, आणि त्यातल्या कितीतरी जणी आपला नवरा चार दिवस कुठे गेला तर बरं, असं म्हणत.

त्यांच्या शेजारी ईश्वरीबाई बसे. पापड, लोणचं, मुरांबा विकायची. ती सिंधमधल्या लारकान्याहून आलेली. फाळणीत नवऱ्याचा हात धरून आणि सासूची पेटी डोक्यावर घेऊन निघाली, ती कुठे कुठे छावण्यांत राहून शेवटी इथे टेकली. दोघींची मैत्री बाजारातली, पण पक्की.

घर सोडून जाण्याला माणसांनी किती वेगवेगळी नावं ठेवली आहेत, हे जयवंताबाईंच्या लक्षात या ईश्वरीबाईमुळेच आलं. ईश्वरीबाई घरातून निघाली ती निर्वासित झाली. इतकी वर्षं झाली, तिचं स्वतःचं पक्कं घर झालं, तरी तो शब्द काही तिला सोडेना. रुपराव निघाले तर त्यांची बदली झाली. जयवंताबाई स्वतः कन्हानजवळचं माहेर सोडून आल्या होत्या, तर त्या नांदायला आल्या होत्या. पुढे पुष्पलताचं लग्न झालं, तिच्या सासरची शेती कोराडीच्या वीज कारखान्यात गेली आणि जावयाला तिथेच नोकरी लागली. त्या लोकांना सगळे म्हणत, गाव उठलं. थंडीत तिथल्या तलावावर कुठून कुठून बदकं उतरत, त्यांना मात्र पाहुणे म्हणत. निघणं सगळ्यांचं एकच. पण कोणाच्या निघण्याला बँड लागतो, कोणाच्या निघण्याला भत्ता मिळतो आणि कोणाला नुसतं पळावं लागतं. ईश्वरीबाईला यातलं रुपरावांचं निघणं फार चैनीचं वाटे, पण जयवंताबाईंचं मागे राहणं अवघड. "मेरा तो एक बार में हो गया, बाई," ती म्हणायची. "तेरा हर साल होता है."

रुपराव घरी असत तेवढे दिवस त्या घरात एक रिवाज पाळला जाई. तो कोणी ठरवला नव्हता, पण सासूपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होता. अधिवेशनात घरातलं वाईट काही बोलायचं नाही. वर्षातून एकदा आलेल्या माणसाला रडगाणं काय ऐकवायचं? विहिरीचं कडं ढासळलं, म्हैस मेली, पुष्पलता तापानं फणफणली आणि चार दिवस ओळख देईना, यातलं काही रुपरावांच्या कानावर गेलं नाही. ते येत तेव्हा घर सारवलेलं असे, पोरगी वेणी घालून उभी असे आणि कढईत सांबारवडी तळली जात असे. हिवाळ्यात वाडीत सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, उदंड. ती निवडायची, चिरायची, मसाल्यात परतायची, बेसनाच्या पोळीत गुंडाळायची आणि तळायची. अर्धा दिवस जातो एका वडीपायी. एके दिवशी सांबारवडी, दुसऱ्या दिवशी वडाभात, तिसऱ्या दिवशी पाटवडीचा रस्सा. रुपराव जेवत, बोट चाटत, आणि "झकास" म्हणत. भांडण नाही, तक्रार नाही. अशा संसाराचा कोणाला हेवा वाटला तर नवल नव्हतं. जयवंताबाईंना स्वतःलाही तो चांगला चालला आहे असंच वाटे.

सासू गेली ती ऐन पावसाळ्यात. तार मिळून रुपराव आले तोवर सगळं आटोपलं होतं. अखेरचे दिवस कसे गेले, हे तेव्हाही त्यांनी विचारलं नाही आणि बायकोनंही सांगितलं नाही. "काही त्रास झाला नाही मायले," एवढंच जयवंताबाई म्हणाल्या.

मुंबईत सचिवालयाचं मंत्रालय झालं, पण रुपरावांचं स्टूल तेच राहिलं. एक्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. वळकटी, पेटी, सत्काराचा नारळ आणि साहेबांनी दिलेलं घड्याळ घेऊन ते नागपूरच्या स्टेशनावर उतरले. आई गेली ती खेप सोडली, तर हिवाळा नसताना, सरकार सोबत नसताना ते पहिल्यांदाच घरी आले होते.

आता आला तो कायमचा, म्हणून जयवंताबाईंनी काही बाकी ठेवलं नाही. आंब्याचा रस आणि त्यासोबत काडीवर वळलेल्या कणकेचे सरगुंडे झाले. पुरणपोळ्या झाल्या. महाग कोथिंबीर विकत आणून उन्हाळ्यात सांबारवडीही झाली. पंधरा दिवस गेले, महिना गेला, पण मेजवानी काही संपेना. संपवायची कशी, हेच त्यांना कळेना. या माणसाला साधं जेवण काय वाढतात, हे त्यांना माहीतच नव्हतं. पहाटे वाडीत राबायचं, दुपारी बाजारात बसायचं आणि संध्याकाळी लग्नघरासारखा स्वयंपाक. पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या बाईला ते झेपेना.

तिकडे रुपरावांची वेगळीच तऱ्हा. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून ते स्टूल घेत आणि घराच्या दाराबाहेर बसत. कोणी आलं तर उठून विचारत, "काय काम हाये?" शेजारची प्रयागबाई विरजण मागायला आली तर तिला थांबवून ते आत विचारायला गेले. प्रयागबाईनं ते हसत हसत गावभर केलं. रांजणातलं पाणी घ्यायचं तरी ते "घेऊ काय?" म्हणत. काडेपेटी कुठे, मीठ कुठे, कंदिलाची वात कशात ठेवता, त्यांना प्रत्येक गोष्ट विचारावी लागे. विचारायची लाज वाटून पुढे पुढे त्यांनी विचारणंच सोडलं. काडेपेटी मिळाली नाही तर बिडी न ओढताच बसून राहत.

खरं सांगायचं तर जयवंताबाईंना त्यांची अडचण होऊ लागली होती. जिची इतकी वर्षं वाट पाहिली ती गोष्ट घरात आली आणि पायात पायात येऊ लागली. झाडायला घेतलं की स्टूल मध्ये. पण "बाजूला सरका" म्हणायला जीभ रेटेना. घरात आवाज चढवायचा रिवाजच नव्हता.

पावसाळा लागता लागता रुपराव एक विषय काढू लागले. जुन्या साहेबांचं मुंबईत घर होतं, त्या इमारतीला भरवशाचा वॉचमन हवा होता. साहेबांनी निरोपाच्या दिवशीच म्हटलं होतं, रुपराव, मन लागलं नाही तर या. रुपराव हे सहज सांगितल्यासारखं सांगत. कधी जेवताना, कधी घड्याळाला चावी देताना. "हिवाळ्यात देवाजी येईल शेसनले. त्याच्यासंग जाऊन पाहीन म्हनतो," असं एकदा म्हणाले. देवाजी त्यांचा मुंबईच्या खोलीतला सोबती, अजून नोकरीत होता.

जयवंताबाई "हो" म्हणाल्या. मनातून त्यांना वाटत होतं की यांनी राहावं. स्टूल अडचणीचं होतं तरी राहावं. सासू गेली, पोरगी कोराडीला गेली, आता या घरात आपल्यासोबत कोणी म्हातारं व्हावं, एवढीच त्यांची इच्छा होती. पण माणसाला राहा म्हणतात कसं? निरोप देण्याची त्यांना सवय होती, थांबवण्याची नव्हती. बाजारात ईश्वरीबाईला सांगितलं तेव्हा तिनं पापडावरच्या माश्या हाकलत विचारलं, तो घरात काय काम करतो. काहीच नाही, म्हटल्यावर ती म्हणाली, "उसको काम बोल. मेरे घर में जो बैठा दिखा, उसके हाथ में पापड़ का आटा." जयवंताबाईंना ते पटलं, पण घरी येऊन त्यांनी पुन्हा वडाभातच केला.

काम रुपरावांनी आपण होऊन शोधलं, आणि तिथेच घोळ झाला.

पोळा होऊन गेला होता. हिवाळी फुलकोबीचं रोप जयवंताबाईंनी एका वाफ्यात टाकलं होतं. बारीक, दोन पानांवर आलेलं, हातानं शिंपडून पाणी द्यायचं रोप. जयवंताबाई बाजारात गेल्या असताना रुपरावांनी मदत म्हणून पंप सुरू केला आणि पाटाचं अख्खं पाणी त्या वाफ्यात सोडलं. वर इमानदारीनं स्टूल टाकून राखणही बसले. जयवंताबाई परत आल्या तेव्हा वाफ्याचा चिखल झाला होता आणि हिवाळ्याची फुलकोबी वाहून जाऊन बांधाला लागली होती.

टोपली डोक्यावरून उतरवायचंही त्यांना सुचलं नाही.

"कोनं सांगितलं होतं तुमाले हात लावाले?"

"मले वाटलं, तुले मदत होईल," रुपराव उठून उभे राहिले.

हा शब्द नको होता. मदत म्हटल्यावर जयवंताबाईंचं डोकं सटकलं. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं एकदम तोंडाशी आलं. विहिरीचं कडं ढासळलं तेव्हा मदत कुठे होती, हे त्यांनी विचारलं. पुष्पी तापात ओळख देईना तेव्हा ईश्वरीबाईनं रात्री जागून काढल्या, तेव्हा तुम्ही कुठे होते, हे विचारलं. म्हैस, वादळात उडालेली टिनं, सगळं बाहेर आलं. प्रयागबाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली होती, तिचीही त्यांनी पर्वा केली नाही.

"आन् माय गेली ते काही आरामात नाही गेली," त्या शेवटी म्हणाल्या. "आठ रोज तुमचं नाव घेऊन राहिली होती. मी म्हनत होती, येऊन राहिला तुमचा रुपराव, स्टेशनापोतर आला. आठ रोज खोटं बोलली मी तिच्याशी."

रुपराव म्हणाले, "मले काहून नाही सांगितलं?"

"कवा सांगू? तुमी तं जेवाले येत होते."

आता रुपरावांनाही राग आला. आयुष्यभर घंटी वाजली की उठणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांचाही आवाज चढला. "जेवन तरी कुठी सुखाचं भेटलं? त्या सांबारवडीनं माह्या छातीत आग पडते. दरसाली पडते. मुंबईले जाईपोतर सोडा खात जातो मी गाडीत."

"मंग खात काहून होते?"

"तू एवढी मेहनत करत होती."

यावर हसू यायला हवं होतं, पण जयवंताबाईंना हसू आलं नाही. फुलकोबी गेल्याचा राग होता, त्यात आता इतक्या वर्षांची कोथिंबीर फुकट गेल्याचा राग मिळाला. त्या पाय आपटत घरात गेल्या आणि त्या संध्याकाळी त्यांनी साधं बेसन, म्हणजे पिठलं, आणि ज्वारीची भाकर केली, सोबत फोडलेला कांदा. वाढताना ताटही जरा आपटलंच. रुपराव खाली मान घालून जेवले. दोन भाकरी झाल्यावर त्यांनी तिसरी मागितली. या घरात त्यांनी आपण होऊन मागितलेली ती पहिली भाकर.

दुसऱ्या दिवशी जयवंताबाईंनी त्यांच्या हातात कुदळ दिली आणि चिखल झालेला वाफा पुन्हा तयार करायला सांगितलं. सांगितलं म्हणजे हुकूमच केला. रोप पुन्हा टाकलं. यंदाची फुलकोबी उशिरा येणार होती, त्याला आता इलाज नव्हता. रुपरावांचे तळहात सोलून निघाले. स्टुलावर पितळी हंडा गेला. पुढे ते सायकलला टोपली बांधून बाजारात भाजी पोचवू लागले आणि बायांनी विचारलं, "काहो, सरकार पडलं काय?" तर लाजून खाली पाहू लागले. घरात आता रोज काही ना काही खटके उडत. पंप बंद करायला उशीर झाला, विळा कुठे टाकला, बिडीचं थोटूक अंगणात कोणी टाकलं. जयवंताबाईंचा घसा दुखू लागला, पण झोप शांत लागू लागली.

वॉचमनच्या नोकरीचं मात्र कोणीच काढलं नाही. जयवंताबाई हो म्हणून बसल्या होत्या, आणि रुपरावांनी जात नाही असं म्हटलेलं नव्हतं. विचारून विषय जागा कशाला करा, म्हणून जयवंताबाई गप्प राहिल्या.

हिवाळा आला आणि सरकार आलं. देवाजीही आला. एका रविवारी जेवायला बोलावलं, तेव्हा जयवंताबाईंनी सांबारवडी केली ती देवाजीसाठी. रुपरावांनी ती आग्रह करकरून वाढली आणि स्वतः भाकर खाल्ली. देवाजीनं पान लावता लावता सांगितलं की साहेबांनी आठवणीनं विचारलं आहे, जागा अजून रिकामी आहे, आणि अधिवेशन संपलं की सोबतच चला, गाडीत गप्पा मारत जाऊ.

"पाहू," रुपराव म्हणाले.

त्या एका शब्दानं जयवंताबाईंचा जीव टांगणीला लागला. सरकारी माणसाचं पाहू. त्यातून हो निघतं की नाही, हे आजवर कोणाला समजलं आहे?

अधिवेशन संपलं. देवाजीला पोचवायला रुपराव दुपारी स्टेशनावर निघाले. धुतलेला पायजमा, अंगात स्वेटर, हातात भाजीची पिशवी. "येतो," म्हणाले. दरसाल निघतानाही ते हेच म्हणत. जयवंताबाईंनी नेहमीसारखी मान हलवली. पेटी घरातच होती, हे त्यांनी आत जाऊन पाहिलं. थोड्या वेळानं पुन्हा एकदा पाहिलं. पण पेटी काय, मागाहून कोणाच्याही हाती पाठवता येते.

बाजारात त्या दिवशी त्यांचं मन लागलं नाही. वांग्यांच्या भावात मेथी दिली. ईश्वरीबाईनं कारण विचारलं नाही, नुसती आपल्या जवळच्या डब्यातली रोटी पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. घरी आल्या तेव्हा दिवस मावळत होता. गाडी केव्हाच गेली असणार. दारात कोणी नव्हतं. वाडीत कोणी नव्हतं. त्यांनी दिवा लावला, चूल पेटवली आणि पीठ घेतलं. हातांना काही वेगळं सांगावं लागलं नाही. एक भाकर थापली, भाजली आणि चुलीतली लाकडं ओढून घेतली.

तेवढ्यात अंगणात सायकल टेकवल्याचा आवाज आला. गाडी किती उशिरा सुटली, फलाटावर किती गर्दी होती, यावर कुरकुर करत रुपराव आत आले. हातपाय धुतले, पाटावर बसले आणि त्यांनी टोपलीत पाहिलं.

"एकच भाकर?"

जयवंताबाई चुलीकडे तोंड करून म्हणाल्या, "शेसन संपल्यावर एकच लागते."

रुपरावांनी ती भाकर मोडली आणि अर्धी जयवंताबाईंच्या पुढ्यात ठेवली.

"देवाजीले सांगून देल्लं," ते म्हणाले, "साहेबाले म्हना, दुसरा मानूस पाहा. आमची फुलकोबी निघाची हाये."

जयवंताबाई रडल्या. तोंड लपवलं नाही, धुराचं निमित्तही केलं नाही. इतक्या वर्षांत नवऱ्यासमोर त्या पहिल्यांदाच रडत होत्या. रडता रडताच त्यांनी परात पुढे ओढली, चुलीत दोन लाकडं सारली आणि पीठ मळायला घेतलं.